आत माया किती आहे, ते पाहा

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा जवळ आला की तिकडे वावरात पराटीला बोंडं फुटायला लागतात आणि इकडे फोनवर कपड्यांच्या ऑफरी. एकावर एक फ्री, दोनावर तीन फ्री. आज कपड्यांबद्दलच बोलायचं आहे, पण अमुक घ्या नि तमुक घेऊ नका, हे मी सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच की कपडा घेण्याआधी तो उलटा करून पाहा. आणि त्याच्याही आधी घरचं कपाट उघडून पाहा.

दर पंधरवड्याला नवी तऱ्हा, स्वस्तात घ्यायची, चार वेळा घालायची आणि पोतेरं करायचं. याला आता फास्ट फॅशन म्हणतात. हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला एका हळदीची गोष्ट सांगायची आहे.

आमच्याकडे, आर्वीच्या बाजूला एक लग्न होतं. मे महिना. मे महिन्यात लग्न काढणाऱ्याला आधी भर दुपारी नांगरलेल्या वावरात उभं करावं, असं माझं जुनं मत आहे, पण ते राहू द्या. नवरदेवाच्या दोस्तांनी ठरवलं की हळदीला सगळे सारखे दिसले पाहिजेत. पिवळेधमक कुर्ते, छातीवर चमकी, फोनवरून मागवलेले. वीसेक पोरं ते घालून मांडवात आली तेव्हा खरंच छान दिसत होती, खोटं कशाला बोलू!

मांडवात आमचे टेलर मास्तरही होते. बसस्टँडपाशी त्यांची मशीन. मास्तरांकडे लग्नकार्याचे पांढरे सुती सदरे मोजून तीन. गावातल्या कुठल्याही लग्नाचा फोटो काढा, मास्तर तसेच दिसतील. वय वाढलं, सदरा तोच.

डीजे लागला. पोरं नाचायला उठली. नवरदेवाचा मावसभाऊ अंगानं भरलेला. त्यानं गाण्याच्या जोशात दोन्ही हात वर केले आणि टर्र! काखेपासून थेट कमरेपर्यंत. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तो हसत हसत मास्तरांकडे आला, "मास्तर, दोन टाके मारून द्या नं."

मास्तर लग्नालाही सुई-दोरा खिशात ठेवतात. त्यांनी कुर्ता काढायला लावला, उलटा केला, कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि शिवणीवरून नख फिरवलं.

"काबे, याच्यात माया कुठं हाये?"

माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. पोरगा नुसता पाहत राहिला.

"टाका मारू कायले? कापडाच्या काठावरूनच शिवण नेली. आत माया ठेवलीच नाई. तू जाडा झाला त उसवाले जागा नाई, अन् फाटला त शिवाले जागा नाई."

"मास्तर, ऑनलाइनचा आहे."

"मंग त्यालेच बोलाव नं माप घ्याले!"

सगळा मांडव हसला. मास्तर काही तेवढ्यावर थांबले नाहीत. फाटल्या काठाचा एक धागा ओढला, कोणाकडून तरी काडीपेटी घेतली नि धागा पेटवला. तो जळलाच नाही नीट, आखडला, वितळला आणि टोकाला काळी कडक गाठ झाली. मास्तरांनी ती पोराच्या बोटात दिली. "दाबून पाह्य. प्लॅस्टिक होय हे. अन् तुह्या बापाच्या वावरात काय पिकते?"

बाप तिथंच खुर्चीवर. तो खाली मान घालून म्हणाला, "कापूस."

तेव्हा तर लोक पोट धरून हसले. मग एक काकू म्हणाल्या, "पण कोन्या मेल्यानं शिवलं असन असं?" त्यावर मात्र मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "शिवनाऱ्याले कायले बोलता बाई? त्याले एका शिवनीले किती टाइम देत असन, ते इचारा."

शेवटी मास्तरांनी स्वतःच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यातून कापडाचा तुकडा काढला आणि काखेत चौकोन बसवून दिला. पोरगा संध्याकाळपर्यंत नाचला. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत त्याची एक काख पांढरी आहे.

शिवणाऱ्याचं विचारा, असं मास्तर म्हणाले, म्हणून सांगते. बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. तिच्यात कपडे शिवायचे कारखाने होते. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद झाली, पण शिवणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. २४ एप्रिल २०१३ला इमारत कोसळली. अकराशेहून जास्त माणसं गेली, त्यात बायका जास्त. ऑर्डर वेळेत जायची होती.

आता आपल्या घरचा हिशेब. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे किलोला ८१. किलोभर कापसात रुई साधारण एक तृतीयांश, बाकी सरकी. एका सुती शर्टात किलोभर कापूसही जात नाही. म्हणजे सत्तर-ऐंशी रुपयांचा माल. पुढे सूत, विणणं, रंग, शिलाई. हे सगळं धरून नवा शर्ट दीडशे रुपयांत घरपोच येत असेल, तर कोणाच्या तरी मजुरीला कात्री लागली आहे, नाहीतर त्यात कापूसच नाही. बहुतेक वेळा दोन्ही. पॉलिस्टर खनिज तेलापासून होतं, पाण्याची बाटली होते त्याच जातीचं. आपण कापसाच्या मुलखात राहतो, उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जातो, आणि अंगात बाटली घालून फिरतो.

म्हणून कपाट उघडा. सगळे कपडे खाटेवर काढा. मागच्या दिवाळीपासून अंगाला लागले नाहीत ते वेगळे करा आणि का लागले नाहीत ते स्वतःला विचारा. टोचतं? बाहीत आवळतं? दुसरीला शोभलं म्हणून घेतलं? ते कारण लक्षात ठेवा, खरेदीला ते कामी येतं. मग आपले दिवस पाहा. वेचणीला लुगड्यावर घालायला पूर्ण बाहीचा सुती शर्ट लागतोच, नाहीतर बोंडांनी हात ओरबाडतात. नवऱ्याचा जुना शर्ट त्याला उत्तम. फवारणीचे कपडे वेगळे, धुणंही वेगळं. बाजाराला, शाळेच्या मीटिंगला, पाहुण्यांकडे जायला एकमेकांशी जुळतील असे थोडे. आणि हौस मारू नका बरं का! भंडारा-नागपूरकडची करवतकाठी टसर एकदाच घ्या, पण काठ हातात घेऊन, विणकर कुठला ते विचारून घ्या. ती सुनेलाही नेसता येते.

जाता जाता, बायकांच्या कपड्याला खिसा का नसतो, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही. फोन, चिल्लर, घराची किल्ली, सगळं कमरेला खोचायचं. ड्रेस शिवताना खिसा सांगा. टेलर कुरकुर करतील, करू द्या.

तर कपाट आधी पाहा, कपडा उलटा करून पाहा, आत माया किती आहे ते पाहा. नवं सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर भिजवा, म्हणजे नंतर आटणार नाही. बाजूच्या शिवणीत इंचभर माया ठेवायला सांगा. आणि कापड याच महिन्यात नेऊन द्या. दिवाळीच्या आठ दिवस आधी गेलात तर कुठलेही मास्तर तुमच्याकडे मान वर करून पाहणार नाहीत.

नमस्कार.