अमेरिकेचं नागरिकत्व आणि गोरेपणाची अट: १७९० ते १९५२

नमस्कार मंडळी! अमेरिकेत नागरिकत्वाची शपथ घेतल्याचे फोटो आता आपल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्रास येतात. शंभर वर्षांपूर्वी भारतीयांसाठी हा रस्ता कायद्यानेच बंद होता. तो कसा, ते बघूया.

१७९० च्या पहिल्या कायद्यात अट होती: बाहेरून आलेल्यांपैकी नागरिक होणार ती फक्त ‘मुक्त गोरी व्यक्ती’. यादवी युद्धानंतर, १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत जन्मणाऱ्यांना नागरिकत्व दिलं. मूळ निवासींना मात्र, त्यांच्याच भूमीत, सरसकट नागरिकत्व मिळायला १९२४ उजाडलं! १८७० ला आफ्रिकी वंशाच्या लोकांना अर्ज करता येऊ लागला. आशियातून आलेले बाहेरच.

पण गोरा म्हणजे कोण? कायद्यात व्याख्याच नव्हती, ते ठरवायचे न्यायाधीश. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जपानच्या ताकाओ ओझावांना सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, तुम्ही त्यात बसत नाही. मग आले भगतसिंग थिंद. पंजाबचे, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेले. त्या काळच्या वंशशास्त्रात उत्तर भारतीयांची गणना कॉकेशियनांतच व्हायची, म्हणजे ओझावांना लावलेल्या कसोटीने थिंद जिंकायला हवे होते. १९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल आला, लिहिणारे न्यायमूर्ती तेच, सदरलँड: शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. तीन महिन्यांत कसोटीच बदलली!

मला या खटल्यात सगळ्यात बोचतो तो थिंद यांच्या बाजूचा युक्तिवाद. आम्ही उच्चवर्णीय आर्य, भारतातल्या आदिम लोकांशी बेटीव्यवहार करत नाही, म्हणून आमचं रक्त शुद्ध! वंशभेदाशी लढायला जातीचं हत्यार काढलं. आणि १९१६ मध्येच, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, बाबासाहेबांनी निबंध वाचून दाखवून दिलं होतं की जात उभी आहे ती याच बेटीबंदीवर.

निकालानंतर सरकार आधी दिलेली नागरिकत्वंही रद्द करायला लागलं. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णोदास बगाई यांचं नागरिकत्व गेलं, मालमत्ता विकावी लागली, मायदेशी जाऊन यायला अमेरिकी पासपोर्ट नाकारला गेला. १९२८ ला त्यांनी आयुष्य संपवलं.

थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. १९१४ पासून नागरिक असलेल्या या माणसावरही सरकारने खटला भरला. हरले असते तर वकिलीही गेली असती. त्यांचा मुद्दा साधा होता: १९१४ ला कोर्टाने सगळं तपासून निर्णय दिला, तोच प्रश्न सरकारला आता पुन्हा उकरून काढता येणार नाही. १९२६ ला ते अपिलात जिंकले. गोरं असणं सिद्ध करायच्या फंदात न पडता मिळवलेला हा विजय मला फार मोलाचा वाटतो.

१९४६ ला भारतीयांना नागरिक होण्याची मुभा मिळाली, पण नव्याने येणाऱ्यांसाठी कोटा वर्षाला १०० जणांचा! वंशाची अट पूर्ण उठली ती १९५२ ला, म्हणजे १६२ वर्षांनी. आणि देशवार कोट्याची ती जुनी पद्धत मोडली १९६५ च्या कायद्याने. आपले डॉक्टर आणि इंजिनिअर मोठ्या संख्येने तिकडे गेले ते त्यानंतरच. त्या कायद्यावर पुढच्या भागात बोलू.