केबिन टेकते तेव्हा

(दृश्य: वर्कशॉप. चेन ब्लॉकला टांगलेली हिरवी केबिन, जमिनीपासून चार फूट वर.)

साखळी एकेक कडी सरकतेय आणि केबिन वर जातेय. खाली उघडा पडलाय तिचा जुना सांगाडा. शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, पुढे स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलेला अखंड एक्सल.

ही १९५० सालची शेवरोले ३१००. अर्धा टन माल नेणाऱ्या वर्गातली अमेरिकन पिकअप. या घडणीच्या गाड्या १९४७च्या उन्हाळ्यात आल्या आणि १९५५च्या सुरुवातीपर्यंत बनत राहिल्या. गोल खांदे, समोर आडव्या पट्ट्यांची जाळी, मडगार्डमध्येच बसवलेले दिवे. हा चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही.

चेहऱ्यामागचं यंत्र मात्र त्या काळातल्या कामापुरतं होतं. सहा सिलिंडरचं, २१६ घनइंचांचं, जेमतेम नव्वदेक अश्वशक्तीचं इंजिन. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि त्या सगळ्यांना तेल पुरवणारा एकच मार्ग. कुठेही गळती झाली की चारही ब्रेक एकदम गेले. आज जिथे ही गाडी चालवायची, ते इंटरस्टेट महामार्ग ज्या कायद्याने बांधले गेले तो १९५६चा. म्हणजे गाडी त्या रस्त्यांहून जुनी आहे. मागे जड ट्रेलर जोडून आजच्या वेगाने धावणं तिच्या आखणीतच नव्हतं.

म्हणून शेजारी लोखंडी घोड्यांच्या आधारावर दुसरी चेसिस, म्हणजे दुसऱ्या गाडीचा सांगाडा, उभी आहे. १९९०च्या दशकातली डॉज रॅम २५००. हिच्यावर ५.९ लिटरचं कमिन्स डिझेल आहे. तेही सहा सिलिंडरचंच, तेही एका ओळीतलंच. पण एकट्या इंजिनाचं वजन पाचशे किलोच्या आसपास आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, चारशे पाउंड-फूटांच्या वर. जुन्या इंजिनाचा टॉर्क १७५च्या आसपास होता. पुढे डिस्क ब्रेक, प्रत्येक चाकाला आठ बोल्ट.

योजना ऐकायला सोपी आहे. ही केबिन त्या चेसिसवर ठेवायची. ठेवायला एक तास पुरतो. बसवायला कित्येक महिने लागतात, आणि आमची ही फिल्म त्या महिन्यांची आहे.

(दृश्य: दाराच्या चौकटीत वेल्ड केलेले चौकोनी पाइप.)

केबिन उचलण्याआधी एक काम झालंय. दारांच्या रिकाम्या चौकटींत आडवे-तिरके पाइप टाक्यांनी जोडलेत. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत दाराखालचा पत्रा आणि मागचे खालचे कोपरे गंजून पोकळ झालेले असतात. आधार न देता उचललं तर केबिन मधोमध वाकते. त्या वेळी ते दिसत नाही. दिसतं सगळं झाल्यावर, जेव्हा दार खालून लागतं आणि वरून बोटभर उघडं राहतं.

आता जमिनीकडे पाहा. चेसिसच्या ठरावीक छिद्रांमधून ओळंबे सोडलेत. जिथे टोक टेकतं तिथे खडूची फुली. फुल्या जोडून फरशीवर चेसिसचा नकाशाच तयार होतो. मग कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे आले तर चेसिस सरळ आहे. नाही आले, तर ती पूर्वी कुठेतरी आपटलेली आहे, आणि अशा चेसिसवर पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही. गवंडी ज्या ओळंब्याने भिंत तपासतो, त्याहून जास्त काही इथे लागत नाही. लागतो तो धीर.

मोजमापांत पहिला प्रश्न चाकाचा. जुन्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ११६ इंच. साध्या केबिनच्या रॅम २५००चं १३४.७. जवळपास १९ इंच जास्त. इथे दोन वाटा फुटतात.

एक वाट न कापण्याची. शेवरोलेने हीच केबिन एक टनाच्या ३८०० मॉडेललाही दिली होती आणि त्याचं अंतर १३७ इंच होतं. म्हणजे त्या गाडीचा लांब हौदा मिळाला तर चेसिसला करवत लावायची गरजच उरत नाही, सव्वादोन इंचांचा फरक मडगार्ड सरकवून मिटतो. ज्यांना ओझंच ओढायचंय त्यांनी हीच वाट धरावी, असं मला ठामपणे वाटतं. दुसरी वाट धरणारे आखूड गाडीच्या रूपासाठी धरतात, आणि ते रूप खरंच देखणं आहे.

चेसिस कापायचीच असेल तर ती केबिनच्या मागे, सरळ भागात कापतात. सरळ उभा काप देत नाहीत. तिरका किंवा पायरीसारखा देतात, म्हणजे सगळा ताण एका रेषेवर येत नाही. जोडावर आतून लांब पट्टी बसते आणि तिची टोकं निमुळती ठेवतात. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या कडांना आडवं वेल्डिंग करायचं नाही, तिथे भोकंही पाडायची नाहीत, कारण गाडी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण त्याच कडांवर असतो. आखूड केली की मागच्या चाकांकडे जोर नेणारा प्रोपेलर शाफ्टही आखूड होतो आणि तो पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागतो.

(दृश्य: केबिन चेसिसवर उतरतेय. बाजूने कॅमेरा.)

पहिली चाचणी. केबिन, पुढची मडगार्ड आणि बॉनेट चेसिसवर नुसतीच ठेवलीत, खाली लाकडी ठोकळे. एकही बोल्ट नाही. पुढचं चाक मडगार्डच्या कमानीच्या मधोमध आलं पाहिजे. दोन इंच पुढे-मागे झालं तरी रस्त्यावरच्या माणसाला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, काय ते सांगता येत नसलं तरी. चाक मध्ये आणलं की केबिनची जागा ठरते. मग कळतं की इंजिनाचं मागचं टोक फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला भिडतंय, गिअरबॉक्स केबिनच्या तळाच्या पत्र्याला खालून टेकतोय. पत्रा कापून नवा उंचवटा करायचा. ब्रेकला तेलाचा दाब देणारं जुनं मास्टर सिलिंडर पायाखाली चेसिसवर होतं, ते आता फायरवॉलवर येणार. स्टिअरिंगचा दांडा दोन सांध्यांनी वळवून न्यायचा. पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, केबिनच्या आतच होती. नवी टाकी खाली चेसिसच्या पट्ट्यांमध्ये जाते, आणि मला विचाराल तर या सगळ्या बदलांतला तो सगळ्यात दिलासा देणारा आहे. सहा व्होल्टची वायरिंग पूर्ण निघते, बारा व्होल्टची येते. रॅमचा एक्सल रुंद आहे, त्यामुळे टायर मडगार्डच्या बाहेर डोकावतात. त्यासाठी आत बसणाऱ्या रिम्स शोधाव्या लागतात किंवा मडगार्ड रुंद करावं लागतं.

पण थांबून पाहावं असं काम अजून पुढेच आहे. केबिनचे टेके, म्हणजे ती चेसिसवर ज्यांच्यावर बसते ते आधार.

(दृश्य: पुठ्ठ्याची नळी. एकीला उभी चीर दिलेली, दुसरी अखंड. दोन हात त्यांना पीळ देतात.)

चिरलेली नळी सहज पिळली जाते. अखंड नळी हलत नाही. जुनी चेसिस उघड्या पन्हाळीची, म्हणजे या चिरलेल्या नळीसारखी. खडबडीत रस्त्यावर ती पिळवटायची, आणि तिच्या कर्त्यांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी केबिनला मागच्या बाजूला हलत्या कड्या दिल्या होत्या. चेसिस पिळली तरी केबिन आपल्या जागी राहायची. पत्र्याची ती हलकी खोली इतकी वर्षं टिकली त्यात या कड्यांचाही वाटा आहे.

नवी चेसिस जाड आणि खोल आहे, कमी पिळते, पण पिळतेच. म्हणून नव्या टेक्यांवर रबरी बुश, म्हणजे धक्का झेलणारे रबराचे तुकडे हवेत. त्याहून महत्त्वाचं हे की टेका केबिनपर्यंत पोहोचला पाहिजे. केबिन ओढून टेक्यापर्यंत आणायची नाही. ठोकळ्यांवर केबिन पाणसळीत ठेवायची, इंजिन जागेवर, चाकं जमिनीवर, सगळं वजन अंगावर. मग प्रत्येक टेका उरलेल्या फटीच्या मापाचा बनवायचा आणि चेसिसच्या उभ्या बाजूला जोडायचा. एका कोपऱ्यात पाव इंचाची फट राहिली आणि ती बोल्ट आवळून मिटवली, तर तो पाव इंच कायमचा ताण होऊन पत्र्यात राहतो. काही महिन्यांनी खिडकीच्या कोपऱ्यात बारीक चीर दिसू लागते.

कागदांचंही याच टप्प्यावर पाहावं. अमेरिकेत गाडीचा ओळख क्रमांक खोडणं किंवा काढून दुसऱ्या गाडीला लावणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा जोडगाडीची नोंद कशी करायची याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. दोन्ही गाड्यांची मूळ कागदपत्रं जपून, आधी विचारून मगच करवत उचलावी.

(दृश्य: संध्याकाळ. दाराच्या चौकटीतले पाइप कापून काढले जातात. दारं बसतात.)

टेक्यांचे बोल्ट आवळलेत. आता पुढच्या एकाच चाकाखाली जॅक लावलाय. चाक हातभर वर गेलंय, चेसिसच्या एका कोपऱ्याला पीळ बसलाय. सगळे गप्प आहेत. कुणीतरी दाराच्या फटीत बोट फिरवून पाहतं. वर, खाली, बिजागरीजवळ.

मग दार उघडतं. आणि नुसत्या तळहाताने ढकललं तरी लागतं.