गवेनचं लग्न कोणी जुळवलं, आणि जमीन कोणाची होती

बसा बसा, पुढे या, इथे दोन ओळी रिकाम्या आहेत. कार्डावर विषय छापलाय 'एका मध्ययुगीन प्रेमकथेतलं लग्न आणि शाप', ते बरोबरच आहे, पण मला खरं बोलायचंय ते त्या कथेतल्या जमिनीबद्दल. माझं ठाम मत आहे की जमीन बाजूला काढली तर ना ते लग्न कळतं ना तो शाप, आणि बहुतेक लोक ही गोष्ट जमीन वगळूनच सांगतात. ते का वगळतात आणि वगळल्याने काय जातं, एवढंच मला आज मांडायचंय.

कविता इंग्रजीतली, साधारण १४५० च्या सुमाराची. राजा आर्थरच्या दरबारातला सरदार सर गवेन आणि डेम रॅग्नेल, म्हणजे रॅग्नेलबाई, यांच्या लग्नाची कथा. कवीचं नाव आपल्याला माहीत नाही. हस्तलिखित जगात एकच, ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत, आणि त्यातलंही मधलं एक पान गेलेलं. शेवटी कवी म्हणतो की मी कैदेत आहे, भोवती पहारेकरी आहेत, देवा मला यातून सोडव. यावरून काही अभ्यासकांनी थॉमस मॅलरीचं नाव घेतलं, कारण राजा आर्थरच्या कथांचा मोठा ग्रंथ त्यानेही कैदेत असतानाच लिहिला, पण ठोस पुरावा काही नाही. मला मात्र तो तुरुंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण ज्याचं काहीतरी हिसकावलं गेलंय असा माणूस ही गोष्ट सांगतोय.

गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी माझ्या पद्धतीने सांगते. राजा आर्थर कार्लाइलजवळच्या इंगलवूडच्या जंगलात शिकारीला गेलाय, एका हरणामागे एकटाच लांब जातो, हरीण मारतो, आणि तेवढ्यात समोर एक पूर्ण चिलखत घातलेला सरदार उभा राहतो. ग्रोमर सोमर जूर असं त्याचं नाव. आर्थरच्या अंगावर शिकारीचे कपडे, बाकी काही नाही. आणि हा ग्रोमर पहिल्या काही वाक्यांतच काय म्हणतो, तर तू माझ्या जमिनी घेतल्यास आणि गवेनला दिल्यास, हा अन्याय आहे, आता तू एकटा सापडलायस. बघा, तो राक्षस नाही, जादूगार नाही, त्याची तक्रार आहे आणि ती राजाविरुद्ध आहे. आर्थर म्हणतो, निःशस्त्र माणसाला मारलंस तर तुझीच अब्रू जाईल, आणि नुकसानभरपाई द्यायची तयारी दाखवतो. ग्रोमर ती घेत नाही. तो अट घालतो की एका वर्षाने याच जागी, याच कपड्यात, एकटा ये, आणि स्त्रियांना सगळ्यात जास्त काय हवं असतं याचं उत्तर घेऊन ये, चुकलं तर मान उडवीन.

आता बहुतेक ठिकाणी गोष्ट इथून सुरू होते, कोड्यापासून. मागे एका कार्यक्रमात एका निवेदकाकडून मी ही गोष्ट ऐकली, त्यात ग्रोमर नुसता 'एक काळा सरदार' होता, त्याला नाव नव्हतं, बहीण नव्हती, जमीन तर नव्हतीच, आणि कोड्याचं उत्तर आल्यावर लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मला इतका राग आला होता की चहालाही थांबले नाही. कारण मग हा माणूस अचानक जंगलात येऊन राजाला बायकांबद्दल प्रश्न का विचारतोय याला काही अर्थच उरत नाही. ज्याची जमीन गेलीय त्याने विचारलेला प्रश्न आणि कोणीतरी सहज विचारलेलं कोडं, दोन्ही सारखंच कसं असेल?

असो. आर्थर परत येतो, गवेनला सगळं सांगतो, आणि दोघं दोन दिशांना घोडे काढतात, भेटेल त्या बाईपुरुषाला विचारतात आणि उत्तरं वह्यांमध्ये लिहून घेतात. कोणी म्हणतं चांगलेचुंगले कपडे हवे असतात, कोणी म्हणतं कोणीतरी मागे लागलेलं आवडतं, कोणी म्हणतं तगडा पुरुष मिठीत हवा. दोन जाडजूड वह्या भरतात, आणि मला हा सर्व्हे फार आवडतो, पंधराव्या शतकात दोन योद्धे हातात वही घेऊन घरोघर फिरतायत.

मुदत संपायला महिना राहिला असताना त्याच इंगलवूडमध्ये आर्थरला रॅग्नेल भेटते. कवीने तिचं वर्णन करताना हात राखलेला नाही. लाल चेहरा, गळकं नाक, ओठांवरून खाली आलेले पिवळे दात, चेंडूपेक्षा मोठे चिपडे डोळे, पाठीला कुबड. आणि ती बसलीय कशावर, तर सोन्याने मढवलेल्या, हिरेमाणकं लावलेल्या सुंदर घोड्यावर. म्हणजे ही जंगलातली भिकारीण नाही हं, ही खानदानी बाई आहे, आणि तिच्याकडे पैसा दिसतोय. ती म्हणते, तुझ्या सगळ्या वह्या निरुपयोगी आहेत, उत्तर माझ्याकडे आहे, बदल्यात गवेन मला नवरा म्हणून हवा.

आर्थर म्हणतो की गवेनला विचारल्याशिवाय मी कबूल करू शकत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. गवेन म्हणजे आर्थरच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे मामाने भाच्याचं लग्न ठरवायचंय आणि मामाची मान पणाला लागलीय. गवेन क्षणभरही थांबत नाही, म्हणतो की एकदा काय, परत परत करीन, ती साक्षात सैतान असली तरी करीन.

उत्तर तुम्हाला माहीत आहे. स्त्रियांना हवी असते सत्ता, स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याची, आणि पुरुषावरही. आर्थर ते जाऊन ग्रोमरला सांगतो आणि ग्रोमर संतापून ओरडतो की हे तुला माझ्या बहिणीने सांगितलं, रॅग्नेलने, ती आगीत जळो. इथे पहिल्यांदा कळतं की ही त्याची बहीण आहे! म्हणजे ज्या घरची जमीन गवेनकडे गेलीय, त्याच घरची मुलगी गवेनला नवरा म्हणून मागतेय. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून जरा फेऱ्या मारल्या होत्या.

लग्नाचा भाग तर सांगायलाच हवा, वेळ झाला तरी चालेल. राणी तिला विनवते की सकाळी लवकर, गुपचूप उरकून टाकू, कोणी बघायला नको. रॅग्नेल साफ नाही म्हणते, मला सगळ्यांसमोर, वाजतगाजत लग्न हवं. तिच्या अंगावरचे कपडे राणीच्या कपड्यांपेक्षा भारी आहेत. मेजवानीत ती सगळ्यांच्या आधी खायला सुरुवात करते आणि एकटी सहा माणसांचं जेवते, तीन कोंबडे, तीन लांब चोचीचे पाणथळीतले पक्षी, वर भाजलेलं मांस वेगळं, आणि बोटभर वाढलेल्या नखांनी तोडून खाते. सगळा दरबार तोंडात बोट घालून बघत बसतो. तिला काही फरक पडत नाही, आणि खरंच का पडावा, तिचंच लग्न आहे की. नेमकं इथेच ते पान गहाळ आहे, मेजवानी संपता संपता.

पान गहाळ आहे म्हटलं की मला दुसऱ्या हस्तलिखिताची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलंय ते मला दिसलंय, पण ही मी सांगणारच. हीच कथा एका गाण्याच्या रूपातही आहे, बॅलड म्हणतात त्याला. ते ज्या वहीत आहे ती सतराव्या शतकाच्या मध्यावर लिहिलेली. अठराव्या शतकात थॉमस पर्सी नावाचे एक गृहस्थ, पुढे बिशप झाले, ते श्रॉपशरमधल्या शिफनल गावात मित्राकडे गेले होते. हम्फ्री पिट त्या मित्राचं नाव. तर तिथे बैठकीच्या खोलीत एका कपाटाखाली जमिनीवर ही वही मळलेली, फाटलेली पडलेली, आणि घरातल्या मोलकरणी तिची पानं फाडून चुलीत जाळ करायला वापरत होत्या! पर्सीने मागितली, मित्राने देऊन टाकली. म्हणजे शतकानुशतकं लोकांनी म्हटलेली गाणी रोज सकाळी अर्धं अर्धं पान करून जळत होती. पुढे बांधणीला दिली तर बांधणाऱ्याने कडा कापताना काही पानांच्या वरच्या-खालच्या ओळी कापल्या. आणि छापखान्यासाठी पर्सीनेच त्यातली पानं काढून घेतली, हे तर मला मोलकरणींपेक्षा जास्त लागतं, कारण त्यांना निदान माहीत नव्हतं. १७६५ मध्ये त्याचा संग्रह छापून आला, गाजला, आणि गवेनच्या लग्नाचं गाणं त्यात त्याने स्वतःची भर घालून पूर्ण करून दिलं.

पण त्या अर्धवट जळलेल्या गाण्यात एक गोष्ट वाचलीय जी माझ्यासाठी सोन्यासारखी आहे. त्यात ती बाई सांगते की माझे वडील म्हातारे सरदार, त्यांनी तरुण बाईशी लग्न केलं, आणि त्या सावत्र आईने मला शाप देऊन रानात धाडलं, आणि माझ्या भावालाही शाप देऊन रांगडा दांडगट करून टाकलं. दोघांनाही! बहीण आणि भाऊ. म्हणजे शाप एका मुलीवर नाही, अख्ख्या घराच्या आधीच्या बायकोच्या मुलांवर आहे.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत. ठीक आहे, मग आता मुद्द्याचं भराभर सांगते, टिपणं काढणाऱ्यांनी माफ करा.

पहिलं, शाप. गवेन-रॅग्नेलच्या मूळ कवितेतही शाप सावत्र आईचाच आहे, जादूटोण्याने दिलेला. घरात दुसरी बायको आली, आधीच्या मुलांचं काय करायचं? मुलगी कुरूप झाली की तिला कोणी मागणी घालणार नाही, जावई येणार नाही, हिस्सा मागायला कोणी येणार नाही. हे कवितेत लिहिलेलं नाही, हे माझं वाचन आहे, पण आपल्याकडे सातबाऱ्यावरचं नाव कमी करायला भावकी काय काय करते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटवून द्यायची गरज नाही. आणि शाप सुटायची अट बघा. इंग्लंडमधल्या सर्वोत्तम पुरुषाने तिच्याशी लग्न करायचं आणि स्वतःच्या देहावर आणि मालमत्तेवर तिला सत्ता द्यायची. मालमत्तेवर! सांगणारे नेमकं हेच गाळतात, 'मनावर' वगैरे म्हणतात. गवेनची मालमत्ता म्हणजे काय, तर त्यात ग्रोमरच्या घरची जमीन आहे. शाप सुटला त्या रात्री ती जमीन त्याच घरच्या मुलीच्या सत्तेखाली आली, आणि पुढे तिला मुलगा झाला, गिंगलेन, त्याच्यात दोन्ही घरांचं रक्त.

दुसरं, लग्न ठरवणं. त्या काळात राजाच्या ताब्यात असलेल्या वारसदारांची लग्नं राजा ठरवायचा, तो हक्क पैसे घेऊन दुसऱ्यालाही द्यायचा. १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या सनदेत, म्हणूनच कलमं आहेत की वारसाचं लग्न त्याच्यापेक्षा हलक्या घरात लावू नका, आधी जवळच्या नातलगांना कळवा, आणि विधवेवर लग्नाची जबरदस्ती करू नका. आता या कवितेत बघा, उलटं झालंय. दिला जातोय तो पुरुष, राजाचा भाचा, आणि मागणी घालतेय ती मुलगी. आणि तरी आर्थर म्हणतो त्याला विचारल्याशिवाय नाही, जे खऱ्या राजांनी कितीतरी मुलींच्या बाबतीत म्हटलं नाही.

तिसरं, रात्रीचा पर्याय. लग्नाच्या रात्री ती गवेनला म्हणते, मी दिवसा सुंदर असू की रात्री, सांग. गवेनला ठरवता येत नाही आणि तो म्हणतो तूच ठरव, माझं शरीर, माझं काळीज, माझं सगळं तुझं. चॉसर या इंग्रजी कवीने तीच कथा चौदाव्या शतकाच्या शेवटी लिहिली, पण त्यात जमीन नाही, भाऊ नाही, शापच नाही, सरदार बलात्कारी आहे आणि कोडं ही त्याची शिक्षा आहे. मोठी कविता आहे ती, मी तिच्याविरुद्ध नाही, पण तिच्या प्रसिद्धीखाली ही दबली. त्याच्याच काळातला कवी गॉवर, त्याच्या १३९० च्या कथेत सावत्र आईचा शाप आहे पण नवऱ्याकडे त्या घरची जमीन नाही. तिन्ही धागे, भाऊ, जमीन, शाप, एकत्र फक्त आपल्या या कैद्याकडे आहेत. आणि इंग्लंडच्या कायद्यात लग्न झाल्यावर बाईचं धन नवऱ्याचं व्हायचं, ते १८७० आणि १८८२ च्या कायद्यांपर्यंत. त्याच्या चारशे वर्षं आधी एक माणूस लिहितोय की सर्वोत्तम पुरुष तो, जो हे उलटं करेल.

चौथं, एका वाक्यात. आयर्लंडच्या जुन्या कथेत नील नावाचा राजपुत्र विहिरीवरच्या कुरूप बाईला जवळ घेतो आणि ती सुंदर होऊन म्हणते की मी या भूमीची सत्ता आहे. तिथे बाई म्हणजेच जमीन. हा धागा जुना आहे, मी ओढूनताणून आणलेला नाही.

शेवट सांगायचा राहिला. सकाळ टळून दुपार होते, आर्थर घाबरतो की तिने भाच्याला मारलं की काय, दार ठोठावतो, आणि दारात ती उभी, गुडघ्यापर्यंत सोनेरी लाल केस. नंतर ती आर्थरकडे एकच मागणं मागते, ग्रोमरला माफ करा. ज्या भावाने तिला जळ म्हटलं त्याच्यासाठी. आर्थर तिच्यासाठी कबूल करतो. पाच वर्षांनी ती जाते, आणि कवी सांगतो की गवेनने नंतर अनेक लग्नं केली पण असं प्रेम कोणावर केलं नाही.

जमिनीचं नाव कवी परत काढत नाही. काही अभ्यासक म्हणतात की म्हणजे तो मुद्दा विसरला, माझं म्हणणं आहे की मिटला म्हणून परत काढला नाही, कारण ज्याची तक्रार होती त्याचा भाचा आता वारस आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आधी हात वर करा, पाच मिनिटं आहेत.