हौद्यातली हवा

(दृश्य: पहाट. इंदूरच्या चोइथराम मंडीच्या फाटकातून भरलेल्या पिकअप एकामागून एक बाहेर पडतात.)

निवेदन:
कांदा, बटाटा, लसूण. चोइथराम मंडीतून निघालेला हा माल दुपारपर्यंत धामनोद, सेंधवा, खरगोनला उतरेल आणि गाड्या बहुतेक रिकाम्या परततील. कुठल्याही गाडीमालकाला विचारा, "अ‍ॅव्हरेज काय देते?" तो इंजिनावर बोलेल, डिझेलच्या भेसळीवर बोलेल, ड्रायव्हरच्या जड पायावर तर हमखास बोलेल. हवेचं नाव निघत नाही.

सपाट रस्त्यावर एका वेगानं चालणाऱ्या गाडीला अडवणारे मुख्यतः दोघंच, टायर आणि हवा. टायरचा अडथळा वजनाबरोबर वाढतो, वेगानं फारसा बदलत नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. काटा 40 वरून 80 वर गेला की तो चौपट.

ठोकळ हिशेब मांडू. मालासकट पावणेतीन टनांची पिकअप असेल, तर साधारण 65 ते 70 च्या वेगाला दोन्ही अडथळे सारखे होतात. तीच गाडी रिकामी झाली की टायरवरचा भार उतरतो, हवा मात्र आहे तेवढीच राहते. मग 50-55 लाच हवा वरचढ ठरते. म्हणजे हवेचा प्रश्न खरा परतीच्या फेरीचा आहे. आणि नेमकं परतताना गाडी पळते जास्त.

(दृश्य: आग्रा-मुंबई महामार्ग. रिकामी पिकअप, मोकळा हौदा.)

राजेंद्रनगरात राहणाऱ्या एका गाडीमालकांचा रिवाज ठरलेला. परतताना मागचा फाळका उघडा. "हवा सरळ निघून जाते, अडत नाही," ते सांगतात. ऐकायला पटतं. पण काका, फाळका बंद असताना हौद्यातली कांद्याची सालं कुठे जमतात ते बघितलंत का? मागे फाळक्यापाशी नाही, पुढे केबिनच्या भिंतीला!

(दृश्य: केबिनच्या टपावर, हौद्यात आणि फाळक्यावर चिकटपट्टीनं लावलेले लोकरीचे तुकडे. शेजारच्या गाडीतून चित्रण.)

आता हे लोकरीचे धागे पाहा. टपावरचे अंगाला चिकटून मागे वाहतात, कारण तिथे हवा पत्र्याला धरून आहे. हौद्याच्या तळाशी मात्र धागे उलटे, केबिनकडे तोंड करून. टपावरून आलेली हवा फाळक्याजवळ खाली उतरते, तळावरून पुढे येते आणि केबिनच्या पाठीला लागून पुन्हा वर जाते. नदीच्या डोहात पाणी गरगरत राहावं, तशी ही हवा हौद्यात कोंडून फिरते आणि वरचा मुख्य प्रवाह तिच्या पाठीवरून निघून जातो. फाळका पाडला की हा भोवरा मोडतो, वरची हवा हौद्यात कोसळते. पिकअपवर झालेल्या बहुतेक चाचण्यांत फाळका उघडा ठेवून इंधन वाचलेलं नाही, कधी उलट थोडं जास्तच लागलं आहे. शिवाय मागची नंबरप्लेट झाकते, ते वेगळंच.

ताडपत्रीचं काय? रिकाम्या हौद्यावर ती ढोलाच्या कातड्याइतकी ताणून बांधली तर थोडा फायदा आहे, तोही मोजक्याच टक्क्यांचा. सैल बांधली तर नुकसान. फडफडणारं कापड हवेला घुसळत असतं आणि ते घुसळायचं डिझेल तुमच्या टाकीतून जातं. रस्त्यावर निम्म्याहून जास्त ताडपत्र्या फडफडताना दिसतात, हे आमचं निरीक्षण. दोरी आहे, हूक आहेत. आळस आहे.

(दृश्य: शेव-नमकीनच्या खोक्यांनी केबिनपेक्षा उंच भरलेली गाडी.)

इंदूर म्हटलं की ही गाडी आलीच. शेव वजनाला हलकी, पण जागा खाणारी. हौदा वजनानं भरायच्या आधीच उंचीनं भरतो. केबिनच्या वर हात-दीड हात खोक्यांची सरळ भिंत उभी राहते आणि सगळा वारा तिच्यावर आदळतो. कांद्याच्या गाडीला टायरची काळजी, नमकीनच्या गाडीला हवेची.

या भिंतीचं उत्तर 1970 च्या दशकातच सापडलं होतं. कॅलिफोर्नियात नासाच्या ड्रायडेन केंद्रातले अभियंते एड सॉल्ट्झमन सायकलवरून कामावर जात. शेजारून मोठा ट्रक गेला की आधी हवेचा धक्का बसे, मग ओढ लागे. त्यातून प्रयोग उभा राहिला. एका व्हॅनला चारी बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लावून तिचा काटकोनी खोका केला आणि मग एकेक कड गोल करत गेले. उभ्या कडा गोल केल्यावर हवेचा अडथळा 40 टक्क्यांनी घटला, आडव्याही केल्यावर 54 टक्क्यांनी. आतली जागा गेली फक्त 3 टक्के. तो खोका होता, आपली पिकअप नव्हे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे इकडे लागू होणार नाहीत. पण कुठे हात घालायचा ते कळतं. माल रचताना पुढची वरची रांग एक खोकं खाली ठेवा, कडेवरून ताडपत्री गोलसर घ्या, केबिन आणि माल यांच्यात फट कमी ठेवा. खर्च शून्य.

मागची बाजू अवघड. टपापासून फाळक्यापर्यंत उतरता उतार दिला तर हवा सावकाश खाली येते खरी, पण उतार फार तीव्र झाला की ती मध्येच सुटते. नऊ फुटी हौद्यात हा उतार अठराएक अंशांचा होतो, म्हणजे जास्तच. जर्मनीत 1930 च्या दशकात वुनिबाल्ड काम यांनी दाखवलं होतं की शेपूट पूर्ण निमुळती करायची गरज नाही, थोडा उतार देऊन ती सरळ कापली तरी बराचसा फायदा मिळतो. मात्र लोखंडी सांगाडा वेल्डिंग करून घ्यायला धावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही. पुढच्या लोखंडी गार्डवर तर केंद्रानं 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. तो काढलात तर वजनही उतरेल. लिंबू-मिरची राहू द्या, तिचा अडथळा मोजण्यात येत नाही.

(दृश्य: वेगाचा काटा 80 वरून 65 वर येतो.)

या सगळ्याहून मोठी बचत पायात आहे. 80 ऐवजी 65 नं गेलं तर हवेचा अडथळा एक तृतीयांशानं उतरतो. घाट सोडून हिशेब केला, तर सेंधव्यापर्यंतच्या दीडशे किलोमीटरला पंचवीसेक मिनिटं जास्त लागतील. भाडं वेळेवर अवलंबून असेल तर ही मिनिटं महाग पडतात, ते मान्य.

घाटात न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांसाठी एवढंच: आताची इंजिनं गिअरमध्ये उतरताना, पाय पेडलवरून काढला की इंधन बंदच करतात. न्यूट्रलमध्ये उलट ते थोडं जळत राहतं आणि इंजिनचा ब्रेकही जातो. याच महामार्गावरचा गणपती घाट ज्यांनी उतरला आहे त्यांना जास्त सांगायला नको.

(दृश्य: पीथमपूर. नॅट्रॅक्सचा लांबच लांब वळणारा ट्रॅक.)

मोठ्या कंपन्या हे सगळं इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या 11.3 किलोमीटरच्या ट्रॅकवर मोजू शकतात. 2021 मध्ये तो सुरू झाला. आपल्याला मोजायचं तर टाकी काठोकाठ भरायची, तोच रस्ता, तेवढाच माल, टायरमध्ये तेवढीच हवा आणि परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ. एकाच फेरीवरून निकाल काढायचा नाही. उन्हाळ्यात माळव्यात पश्चिमेचा वारा सुटतो. सेंधव्याला जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीवर. म्हणून जातानाचं आणि येतानाचं डिझेल एकत्रच धरायचं.