एका हातावर दोन आजार

[दृश्य: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील काजू कारखाना. बिया फोडणाऱ्या स्त्रियांचे हात.]

काजूगर खाताना टरफलाची आठवण सहसा कोणाला होत नाही. त्या टरफलाच्या दोन थरांमध्ये काळपट, दाहक तेल असते. काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातील झाडे आहेत, आणि बिब्बा अंगावर ज्या जातीच्या द्रव्यांमुळे उततो, त्याच जातीची द्रव्ये या तेलातही असतात. हाताला एरंडेल किंवा राख लावून बिया फोडण्याची रीत त्यासाठीच पडली. तरीही हे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या काही हातांवर इसब उठतो. त्वचा कोरडी आणि जाड होते, पेरांच्या रेषांवर चिरते, आणि रात्री खाजेमुळे डोळा लागत नाही.

[दृश्य: पाऊस. ओसरीवर टांगलेले ओले कपडे.]

गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत कपडे वाळत नाहीत, कमरेची आणि जांघेची त्वचा सतत दमट राहते, आणि तेथे गजकर्णाची बुरशी रुजते. इसबाने आधीच फुटलेल्या हातावरही ती चढू शकते. दोन्ही आजारांत खाज आहे, लाली आहे, खपली आहे. घरच्या माणसाला तो एकच आजार वाटतो आणि फार्मसीतून एकच ट्यूब येते.

या ट्यूबमध्ये पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असतात. स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, पण त्वचेचा प्रतिकारही त्याच वेळी मंदावतो आणि बुरशीला रान मोकळे मिळते. गजकर्णाचे ओळखीचे कडे पुसट होते, डाग पसरतो, आणि मग अनुभवी डॉक्टरही क्षणभर थबकतात. अशा वेषांतर केलेल्या गजकर्णाला 1968 पासून वैद्यकात ‘टिनिया इन्कॉग्निटो’ असे स्वतंत्र नाव आहे. केवळ दुकानदाराला दोष देऊन येथे भागत नाही, कारण बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जाऊन यायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालील काच.]

खरे तर शंका फेडणारी तपासणी अगदी साधी आहे. डागाच्या कडेची खपली खरवडून काचेवर घेतात आणि तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्वचेच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे तंतू असतील तर दिसू लागतात. पाहण्यातूनही काही कळते. दोन्ही हात सारखेच फुटले असतील तर इसबाची शंका अधिक, पण एकच हात आणि दोन्ही पाय खवले धरत असतील तर डॉक्टर आधी बुरशी शोधतात.

दोन्ही आजार सापडले, तर जागा वाटून उपचार करावे लागतात. गजकर्णाच्या जागी बुरशीनाशक, तेही डाग दिसेनासा झाल्यावर काही दिवस पुढे. तेथे स्टेरॉइड नाही. इसबाच्या जागी डॉक्टरांनी ठरवलेल्या तीव्रतेचे स्टेरॉइड, मोजून: तर्जनीच्या टोकाच्या पेराएवढी रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम मलम, प्रौढ माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. ओलावा टिकवणारे मलम मात्र कोरड्या पडलेल्या सगळ्या त्वचेला, दिवसातून अनेकदा. जखमेवर मधासारखी पिवळी खपली धरली, तर जिवाणूंचा संसर्ग झाला असे समजून त्यावर वेगळे औषध द्यावे लागते. रात्री खाज वाढत असेल आणि घरातील इतरांनाही ती सुटली असेल, तर ती खरूज असू शकते. तिचे औषध सगळ्या घराने एकाच वेळी लावायचे असते. इसबावर अचानक दुखरे, एकसारखे पाणीदार फोड उठून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा गंभीर संसर्ग असू शकतो.

[दृश्य: मार्च महिना. कारखान्याच्या दारात बियांची पोती.]

हंगाम पुन्हा सुरू होतो. बरे झालेले हात आता आत सुती आणि वर रबरी असे दोन मोजे घालून टरफल फोडतात, आणि घामाने भिजलेला आतला मोजा दुपारच्या सुट्टीत बदलला जातो.