पावसाळ्यातला मिणमिणता दिवा

श्रोतेहो, नमस्कार.

तीस वर्षं आयटीआयमध्ये मोटारीच्या वायरिंगचा विषय शिकवला. निवृत्त झालो तरी गाड्यांची दुखणी काही माझ्या दारातून हटत नाहीत. आज त्यातलंच एक दुखणं सांगतो. रुग्ण होता माझ्या साडूंची जुनी डिझेल गाडी, वय वर्षं पंचवीस.

चावी फिरवली की डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागतो, तो तुम्ही पाहिला असेल. इंजिन सुरू झालं की तो विझतो. साडूंच्या गाडीत तो विझायचा, पण पावसाळ्यात, रात्री, आंबा घाट चढताना पुन्हा लागायचा. तोही धड नाही. वात खाली केलेल्या कंदिलासारखा, बारीक तांबूस. घरी येऊन सकाळी बघावं तर काही नाही.

"पाणी जातंय कुठेतरी," असं सगळ्यांचं एकमत. पावसातच होतं म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार? आधी बॅटरी बदलली. दिवा तसाच. मग एका इलेक्ट्रिशियनने डायनॅमो बदलला. खरं म्हणजे तो अल्टरनेटर, इंजिनच्या जोरावर फिरून गाडीसाठी वीज तयार करणारा, पण गॅरेजमध्ये अजून डायनॅमोच म्हणतात. त्या माणसाला मी दोष देणार नाही. अल्टरनेटरमधला एखादा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गेला की दिवा असाच मिणमिणतो. त्याने वायरीही तपासल्या, मीटरचा बझर लावून एकेक. प्रत्येक वायर 'पीं' वाजली, म्हणजे चांगली! या 'पीं'कडे मी परत येणार आहे.

आता हा दिवा नेमका काय सांगतो ते बघू. चित्र बॅटरीचं असलं तरी तो बॅटरीची तब्येत मोजत नाही. नवीन गाड्यांत त्याला लावा-विझवायचं काम संगणक करतो, ते सोडा. जुन्या गाडीत तो दोन-तीन वॉटचा साधा बल्ब असतो. त्याचं एक टोक चावीच्या स्विचकडे, दुसरं अल्टरनेटरकडे. इंजिन बंद असताना चावी फिरवली की स्विचकडून करंट येतो, बल्बमधून अल्टरनेटरच्या आतल्या गुंडाळीत जातो आणि तिथून बॉडीला. बल्ब पेटतो. गंमत म्हणजे त्याच थोड्या करंटने ती गुंडाळी चुंबक होऊ लागते आणि अल्टरनेटर जागा होतो. म्हणून असा बल्ब उडाला तर काही गाड्या चार्जिंगच सुरू करत नाहीत. आणि हौसेने तिथे एलईडी बसवणाऱ्यांचीही कधीकधी तीच गत होते, कारण एलईडी तेवढा करंट जाऊच देत नाही.

इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर स्वतः चौदा व्होल्टच्या आसपास देऊ लागतो. आता बल्बच्या दोन्ही टोकांना चौदा. गच्चीवरच्या दोन टाक्या पाइपने जोडल्यात आणि दोन्हींत पाण्याची पातळी सारखी आहे, तर पाइपमधून पाणी कशाला वाहील? बल्ब विझतो तो असा.

मग तो मिणमिणतो कधी? एका टाकीची पातळी थोडी खाली गेली की. आणि इथेच सगळे चुकत होते. चार्जिंगचा दिवा लागला म्हणून प्रत्येक जण अल्टरनेटरच्या टाकीत डोकावत होता. स्विचकडची टाकी कोणी बघितलीच नव्हती.

मी साडूंना विचारलं, "साडूभाऊ, घाटात पाऊस असला की तुम्ही गाडीत काय काय चालू करता?"

"अहो, काय करणार? वायपर. आणि काचेवर बाष्प धरतं म्हणून ब्लोअर. साखरपा सोडला की ब्लोअर फुल्ल!"

संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडी पोर्चमध्ये उभी केली. पावसाचा थेंब नाही. इंजिन चालू, दिवा विझलेला. हेडलाइट लावले, काही नाही. ब्लोअर एकवर, काही नाही. तीनवर टाकला आणि डॅशबोर्डच्या कोपऱ्यात तांबूस ठिपका उमटला. ब्लोअर बंद केला, ठिपका गेला. साडू दोन मिनिटं तेच बटण पुढेमागे करत बसले.

म्हणजे पाऊस निर्दोष होता. त्या गाडीत हेडलाइटचा करंट बॅटरीकडून वेगळ्या वाटेने येतो. ब्लोअर, वायपर आणि हा बल्ब मात्र तिघंही चावीच्या स्विचमागून जेवतात. त्या वाटेवर कुठेतरी अडथळा आहे, आणि ब्लोअरने जास्त करंट ओढला की तिथे व्होल्टेज गळतंय.

आता मीटर काढला. इंजिन चालू, ब्लोअर फुल्ल. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. मग लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर कायम ठेवला आणि काळा प्रोब वाटेवरच्या एकेका ठिकाणी लावत गेलो. असं केलं की मीटर थेट गळती दाखवतो. मेन फ्यूजच्या पुढे ०.१. स्टिअरिंगखाली स्विचकडे जाणाऱ्या कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडाच्या, अलीकडे ०.२. हे चालतं. त्याच कपलरच्या पलीकडे, मागून वायरीच्या कडेने टाचणी सरकवून, बघितलं तर १.८! दोन बोटांच्या अंतरात दीड व्होल्टहून जास्त गायब. स्विचच्या पुढे १.९, म्हणजे स्विच बिचारा ठीक होता.

इंजिन बंद केलं, बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि कपलर ओढून वेगळा केला. पांढऱ्या प्लॅस्टिकवर एका पिनेच्या खाचेभोवती तपकिरी डाग, दूध उतू जाऊन करपतं तसा. आतली पिन काळीनिळी पडलेली. समोरच्या क्लिपचा ताण गेलेला, बोटाने हलवली तर सैल. नाकाशी धरला तर जळकट वास. हिशेब करा: जवळपास १० अँपिअर करंट आणि दीड व्होल्टवर गळती, म्हणजे पंधरा-सोळा वॉटची उष्णता एका पिनेत. बारीक सोल्डरिंग आयर्नच चालू होतं म्हणा ना, साडूंच्या गुडघ्याच्या वर.

आणि ती 'पीं'? त्या जागेचा अवरोध होता एक-दीड दशांश ओहम. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच जवळपास तेवढा असतो. शिवाय बझर लावताना वायरीतून करंट जातो नावापुरता. वायरीचा एक तंतू शिल्लक असला तरी बझर वाजतो, पण त्या तंतूवर ब्लोअर चालत नाही. मोठ्या करंटच्या वाटेवरचा दोष करंट वाहत असतानाच शोधावा लागतो.

दुरुस्ती फारशी नव्हती. करपलेला तुकडा कापून नवीन क्लिप दाबून बसवली, कपलर नवा घातला आणि ब्लोअरला वेगळा फ्यूज आणि रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) दिला, म्हणजे त्याचा भार चावीवर येणार नाही. पुन्हा मोजलं, सगळ्या वाटेवर मिळून ०.३.

जाता जाता दोन गोष्टी. चालत्या गाडीत हा दिवा मिणमिणता नाही, तर लख्ख लाल लागला, तर आधी गाडी बाजूला घ्या. अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट तुटला असेल तर बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही असतो, आणि मग इंजिन तापायला वेळ लागत नाही. दुसरं, चालत्या इंजिनवर बॅटरीचा टर्मिनल काढून चार्जिंग तपासायची जुनी खोड अजून काही जणांना आहे. करू नका. व्होल्टेज उसळतं आणि गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते.

साडूंनी नवा कपलर बघितला, जुना हातात घेऊन उलटसुलट केला आणि जरा वेळाने विचारलं, "म्हणजे तो जुना डायनॅमो चांगला होता?"

"होता."

"आणि बॅटरी?"

मी चहा आणायला आत गेलो.

नमस्कार.