चवथीच्या आधी घराला रंग मारताय? आधी पाण्याकडे बघा

चवथ जवळ आली की कोकणात रंगाच्या दुकानांत गर्दी होते. मुंबईहून पैसे येतात, फोन येतो, बाप्पा यायच्या आत दर्शनी भिंत तरी करून घ्या म्हणून, आणि भर श्रावणात दोन सरींच्या मधे जेवढं ऊन मिळेल तेवढ्यात पेंटर प्रायमर मारतो, वर दोन हात मारतो आणि घर एकदम नवं दिसायला लागतं. दिवाळीपर्यंत त्याच भिंतीला फोड येतात, शिमग्यापर्यंत पोपडे पडतात. मग नावं रंगाच्या कंपनीला. रंग बहुतेक वेळा चांगलाच असतो हो, भिंत ओली असते.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यामुळे इथल्या घराचं समोरून दिसणं पहिल्यांदा पाण्यावर ठरतं, रंगावर नंतर. पाणी कुठून पडतं, कुठे उडतं, कुठे साचतं आणि भिंतीतून बाहेर कसं जातं. जुन्या माणसांनी घर बांधताना हेच बघितलं होतं.

आता हा चिरा बघा. जांभा दगड. फ्रान्सिस बुकानन नावाचा इंग्रजांच्या नोकरीतला डॉक्टर १८००-०१ मधे मलबारात फिरला, त्याचं प्रवासवर्णन १८०७ ला छापून आलं, त्यात त्याने या दगडाबद्दल लिहून ठेवलंय की जमिनीत असताना हा लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि हवा लागली की कडक होतो. आपल्याकडचे चिरेखाणीवाले हे रोज बघतात. पण कडक झाला तरी अंगात बारीक बारीक भोकं राहतातच, त्यामुळे तो पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडून पण देतो. जोपर्यंत सोडायला वाट आहे तोपर्यंत त्याला काही होत नाही. गडबड होते ती आपण त्याच्यावर सिमेंटचं प्लास्टर करतो, वर पुट्टी, वर चकचकीत ऑइलपेंट, तेव्हा. जमिनीतलं पाणी जोत्यातून वर चढतं, भिंतीत येतं, बाहेर पडायला जागा नाही, मग ते रंगाला आतून ढकलतं, सोबत खार पण येतो, तीच ती पांढरी पावडर जी हात लावला की बोटांना लागते.

म्हणून उघड्या चिऱ्याचं घर असेल तर माझं स्पष्ट मत आहे, त्याला झाकू नका. त्याच्यासारखा रंग कुठल्या शेडकार्डात मिळत नाही. नायलॉनच्या ब्रशने आणि साध्या पाण्याने शेवाळ घासून काढा, प्रेशरचं मशीन जोरात मारू नका, दगडाचा वरचा थर उडतो. भिंतीत पिंपळाचं रोप आलं असेल तर मुळासकट काढा, नुसतं कापलं की दुप्पट जोराने येतं. मग दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरून घ्या, शक्यतो चुन्याच्या मालात. एवढ्यानेच घराचं रूप बदलतं, खरंच सांगतो. काही लोक वरून वॉर्निश मारतात, ओला केल्यासारखा चमकतो दगड, पण तीही वाट बंद करणंच झालं.

जुनं चुन्याचं प्लास्टर असेल तर त्याच्यावर चुनाच. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगड होतो आणि भिंतीतली वाफ अडवत नाही. आधी भिंतीवर पाणी मारायचं, चुना पातळ करून गाळून घ्यायचा, त्यात थोडा डिंक किंवा सरस, पांढरा खुलायला चिमूटभर नीळ, आणि एक जाड हात मारण्यापेक्षा तीन पातळ हात. खाली जोत्याला काव, म्हणजे तांबड्या मातीचा रंग. पांढऱ्या भिंतीखाली तो तांबडा पट्टा नुसता शोभेचा नाहीये, पावसात चिखल उडतो तो बरोबर तेवढ्याच उंचीवर उडतो आणि कावेवर दिसत नाही.

चिखल उडतो कशाने? पागोळ्यांनी. कौलांवरून धार खाली येते, एकाच ओळीत पडते, माती खणते आणि भिंत लाल करते. याला उपाय म्हणजे पन्हळ लावा, नाहीतर पागोळ्यांच्या बरोब्बर खाली हातभर रुंद चर काढून खडी भरा आणि त्याचा उतार घरापासून लांब द्या. रंगाआधी हे काम करा. पूर्वी पावसाच्या तोंडावर पडवीला माडाच्या झावळांचे झाप बांधायचे, झडीचं पाणी भिंतीपर्यंत पोचायचंच नाही, दसऱ्याला काढले की आत भिंत कोरडी.

आता खळं. म्हंजे अंगण. इथे लोकांचं आणि माझं पटत नाही कधीकधी. दरवर्षी पाऊस गेल्यावर खळं खणायचं, सारखं करायचं, पाणी मारून चोपण्याने चोपायचं आणि शेणाने सारवायचं, हे दिसायला फार सुंदर आहे पण करतं कोण? घरात दोन म्हातारी माणसं असतील तर त्यांनी कंबर मोडून सारवावं असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण म्हणून कडेपासून कडेपर्यंत पेव्हर ब्लॉक आणि कॉंक्रीट पण नको, उन्हाळ्यात ते तापतं, पावसात त्याच्यावर आपटलेलं पाणी थेट जोत्यावर उडतं. बेड्यापासून, म्हणजे फाटकापासून, ओटीपर्यंत एक पायवाट पक्की करा, तुळशीभोवती थोडी जागा करा, बाकी माती राहू दे. पायवाटेला चिरा वापरलात तर पावसाळ्यात घासत राहावा लागेल, शेवाळावर माणूस आडवा होतो.

गडग्याचंही तसंच आहे. दगडावर दगड ठेवून रचलेलं कुंपण, मधे माल नाही, त्यामुळे वरच्या अंगाचं पाणी त्याच्यातून निघून जातं. तो पाडून सिमेंटचा कंपाऊंड घातला की पाणी आत तुंबतं. घालायचाच असेल तर खाली भोकं ठेवायला सांगा, गवंडी स्वतःहून ठेवेलच असं नाही. मी तर म्हणेन पडलेला गडगा परत रचून घ्या, कडेने जास्वंद, अबोली, मेंदी लावा. झाडं भिंतीला चिकटून मात्र नकोत, वारा फिरायला पाहिजे.

दारं-खिडक्या फणसाच्या किंवा सागाच्या असतील तर ऑइलपेंटचे सगळे थर खरवडून आतलं लाकूड एकदा बघा तरी, बऱ्याच ठिकाणी चांगलं निघतं, जवसाचं तेल पाजलं की झालं.

आणि मुहूर्त. रंगाचं काम होळी झाल्यापासून वैशाखापर्यंत कधीही, भिंत महिनोन्‌महिने तापलेली असते तेव्हा. चवथीच्या आधी फक्त जळमटं काढा, दार पुसा, तोरण बांधा, बाप्पाला तेवढं पुरतं. वृंदावनाला चुना आणि काव तुळशीच्या लग्नाआधी, तोवर पाऊस गेलेला असतो, आणि उरलेली काव पायऱ्यांच्या कडांना ओढून घ्या.